उन्हाची गोयी

तुरीच्या दाण्याएवढी गोळी. कवच मऊ, आत तेलाचा थेंब. पाकिटावर लिहिलेलं होतं: कॅल्सिट्रिऑल, ०.२५ मायक्रोग्रॅम. मी नंतर हिशेब केला. एक ग्रॅम औषधात अशा चाळीस लाख गोळ्या भरतील.

ही गोळी मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या मामांच्या तळहातावर. मामांचं वावर बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे आमच्या भाषेत घाटाखाली. आता वावर दुसऱ्याला लावून दिलंय आणि मामा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

"हे कायची आहे, बापू?" त्यांनी विचारलं.

मी पाकीट उलटसुलट वाचलं. "ड जीवनसत्त्व आहे मामा. उन्हात बसलं की अंगात तयार होतं ते."

मामा ओसरीवरून अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले. "सारा जनम उनातच गेला माहा," ते म्हणाले, "अन् आता उनाची गोयी घ्याची?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढे काही महिने मी त्या गोळीचा माग काढत गेलो. माग काढणारा शेवटच्या पावलापासून उलटा निघतो, म्हणून मीही गोळीपासूनच मागे निघालो.

सगळ्यांत अलीकडचं पाऊल १९७० सालचं. इंग्लंडात केंब्रिजला फ्रेझर आणि कोडिचेक या दोघांनी उंदरांची मूत्रपिंडं काढली आणि त्यांना ड जीवनसत्त्व दिलं. ते रक्तात पोचलं, पण त्याचं जे रूप आतड्याला कॅल्शियम शोषायला लावतं, ते काही तयार होईना. ते रूप घडवण्याचा कारखाना मूत्रपिंडात आहे, हे त्यातून ठरलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हेक्टर डीलूका यांच्या प्रयोगशाळेने आणि इतर दोन गटांनी त्या रूपाची रचना उलगडली. त्याचंच नाव कॅल्सिट्रिऑल. मामांच्या तळहातावर होतं ते हेच.

त्याआधी डॉक्टरांना एक कोडं सुटत नव्हतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या मुलांची हाडं मुडदूस झालेल्या मुलांसारखी वाकत, पण मुडदूस ज्या औषधाने बरा होई त्याने ही मुलं बरी होत नसत. नेहमीच्या मात्रेचा त्यांच्यावर काही उपयोग होत नसे. कच्चा माल कितीही ओतला तरी कारखानाच बंद होता.

आणखी एक-दोन वर्षं मागे, १९६८-६९ मध्ये, डीलूकांच्याच प्रयोगशाळेत यकृताचं काम उघड झालं. कातडीत तयार झालेलं किंवा अन्नातून आलेलं ड जीवनसत्त्व आधी यकृतात जातं, तिथे त्याच्या रेणूत एक बदल होतो, आणि मग ते रक्तात आठवडेच्या आठवडे साठून राहतं.

खामगावच्या कापूस बाजाराच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे समजवायला फार खटाटोप लागत नाही. कातडी म्हणजे वावर. तिथे कापूस निघतो. यकृत म्हणजे जिनिंग. तिथे गठाणी बांधून गोदामात रचल्या जातात. मूत्रपिंड म्हणजे माग. शरीराला आज जेवढं कापड हवं तेवढंच तो विणतो, आणि ते कापड काही तासांत संपतं. लॅबमध्ये 'व्हिटॅमिन डी' म्हणून जे मोजतात, ते गोदामातल्या गठाणी असतात. त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाचं गोदाम भरलेलं दिसू शकतं आणि अंगावर चिंधीही नसू शकते. मामांचा माग बंद पडला होता. त्या गोळीतून त्यांना तयार कापड दिलं जात होतं. मागणीप्रमाणे विणणारा कोणी उरला नव्हता, म्हणून डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम सारखं तपासून कापड मोजून देत होते.

इथे एक जुनी चूकही उघडी पडते. जे अन्नातूनच मिळवावं लागतं ते जीवनसत्त्व, अशी व्याख्या. हे तर एका अवयवात घडतं, रक्तातून वाहत जातं आणि दुसऱ्या अवयवावर काम करतं. म्हणजे हे संप्रेरक झालं. मग त्याचं नाव जीवनसत्त्वांच्या हजेरीपटावर गेलं कसं?

त्यासाठी १९२२ सालात जावं लागतं. अमेरिकेतले एल्मर मॅकॉलम कॉड माशाच्या यकृताच्या तेलावर काम करत होते. या तेलाने रातांधळेपणासारखे डोळ्यांचे विकार बरे होतात आणि मुडदूसही बरा होतो, हे माहीत होतं. दोन्ही एकाच घटकाने होतं का? मॅकॉलम यांनी तेल तापवून त्यातून हवा सोडली. अ जीवनसत्त्व नष्ट झालं, डोळ्यांवरचा गुण गेला. हाडांवरचा मात्र तसाच राहिला. म्हणजे हा वेगळा घटक. ए, बी, सी ही अक्षरं आधीच वाटली गेली होती, म्हणून याला डी. मराठीत आपण त्याचं 'ड' केलं. ते वर्णमालेतलं नाही, अ-ब-क-ड या शाळेच्या तुकड्यांमधलं. आमच्या शाळेत ड तुकडीकडे कुणी फारसं बघत नसे, आणि या जीवनसत्त्वाचंही कित्येक वर्षं तेच झालं.

मॅकॉलम यांच्याआधी, १९१९ च्या सुमारास, लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात बंद ठेवून त्यांना मुख्यतः ओट्सवर वाढवलं. पिल्लांना मुडदूस झाला, आणि कॉड तेलाने तो बरा झाला. निष्कर्ष निघाला: हा आहाराचा रोग. पिल्लं उन्हात गेलीच नव्हती, याला त्यांनी फारसं महत्त्व दिलं नाही. नाव जीवनसत्त्वांत जाऊन बसलं ते या अशा प्रयोगांमुळे.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. हाडं भरली. पुढे त्याने फक्त एका हातावर किरण सोडले, तर दोन्ही हातांची हाडं भरत गेली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून दुसऱ्या हातापर्यंत जातं. या सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडलेला प्रयोग हाच. एक दिवा, एक हात, आणि न उजळलेल्या हाताची क्ष-किरण तसबीर.

म्हणजे १९२० च्या आसपास दोन पक्ष झाले होते. लंडनवाले म्हणत आहार. ग्लासगोवाले म्हणत कोंडमारा, अंधारी घरं, मोकळ्या हवेचा अभाव. वाद युरोपात चालला होता, पण एक मोठा साक्षीदार निघाला नाशिकमध्ये.

१९२१ मध्ये 'ग्लासगो मेडिकल जर्नल'मध्ये हचिसन आणि पटेल यांचा लेख आला. विषय होता नाशिक शहरातला प्रौढपणीचा मुडदूस, म्हणजे अस्थिमृदुता. पुढच्या वर्षी हचिसन आणि शाह यांनी लहान मुलांचा मुडदूस धरून आणखी मोठा लेख लिहिला. त्यांच्या नोंदीत दिसलं ते युरोपला चक्रावणारं होतं. गरिबांची मुलं, ज्यांच्या ताटात तूप-लोणी क्वचितच पडे आणि जी दिवसभर आईच्या पाठोपाठ उन्हात असत, त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. तो होता सुखवस्तू घरांत, हिंदू असोत की मुसलमान, जिथल्या स्त्रिया गोषात राहत आणि तान्ही मुलंही त्यांच्यासोबत आतल्या खोल्यांत वाढत. ताट भरलेलं असायचं, पण अंगाला ऊन लागायचं नाही. आहार हेच कारण असतं, तर रोग गरिबांच्या घरी असायला हवा होता.

नाशिक २० अंशांवर, बुलढाणा साडेवीस अंशांवर. सूर्य तोच, त्याचा कोन जवळजवळ तोच. पडद्याची रीतही काही नाशिकपुरती नव्हती. आमच्या वऱ्हाडात देशमुखी वाड्यांच्या बायका उजेड पाहत तो चौकातून दिसणाऱ्या आकाशापुरता. शिवाय बाळंतिणीच्या खोलीची खिडकी सव्वा महिना बंद. लहानपणी मी ज्या वाड्यांच्या भव्य भिंती पाहून हरखून जायचो, त्या भिंतींआड अशीही एक शिक्षा चालत असे. ओटीपोटाची हाडं मऊ पडून आत दबली की बाळंतपण अडतं, आई दगावते, मूल दगावतं. यालाच लोक नशीब म्हणत. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व याच विषयावर पुस्तक लिहिलं. आजारी बाईच्या हाडांत गोष्याचा इतिहास उतरतो, हे त्या काळी इतक्या स्पष्टपणे सांगणारे फार थोडे होते.

गंमत म्हणजे याचा अंदाज त्याही आधी एकाला आला होता. थिओबाल्ड पाम हा मिशनरी डॉक्टर जपानमध्ये काही वर्षं राहून इंग्लंडला परतला. इंग्रजी शहरांतल्या पायवाकड्या मुलांना पाहून त्याला प्रश्न पडला, की जपानमध्ये अशी मुलं कशी दिसली नाहीत? त्याने चीन, भारत आणि इतर देशांतल्या डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती गोळा केली आणि १८९० मध्ये छापलं, की जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस दुर्मीळ, जिथे धूर आणि अरुंद गल्ल्या तिथे उदंड. उपाय म्हणून त्याने सूर्यस्नान सुचवलं. कुणी लक्ष दिलं नाही. पोलंडच्या श्नियाडेत्स्कीने तर हेच १८२२ मध्ये शहरातल्या मुलांबद्दल म्हटलं होतं. त्याच्याकडेही नाही.

त्याच्या मागचा माग फार अंधुक. १६४५ मध्ये व्हिस्लरने आणि १६५० मध्ये ग्लिसनने इंग्लंडातल्या या रोगाचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा तो तिथे नवा रोग समजला जात होता. कोळशाच्या धुराचं शहर, अरुंद गल्ल्या आणि ढगाळ आकाश यांनी तो वाढवत नेला.

मुळापर्यंत पोचल्यावर पुन्हा पुढे येतो, कारण मधली दोन पावलं राहिली, आणि त्यांतलं एक आपल्या वावरातून जातं.

१९२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅरी स्टीनबॉक यांनी माणसाऐवजी अन्नालाच अतिनील किरण दिले. असं अन्न खाल्लेल्या उंदरांचा मुडदूस बरा झाला. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड हेस त्याच सुमारास त्याच निष्कर्षाला आले. स्टीनबॉक यांनी पेटंट घेतलं, पण मिळणारा पैसा स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाच्या संशोधनासाठी संस्था काढून तिच्याकडे वळवला. डीलूका हे त्यांचे शेवटचे विद्यार्थी. म्हणजे मामांच्या गोळीचा रेणू उलगडला तो त्याच गुरुपरंपरेत. दरम्यान जर्मनीत अडॉल्फ विंडाउस यांनी शोधलं, की कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर ऊन पडलं की त्याचा ड३ होतो. विंडाउस यांना १९२८ मध्ये नोबेल मिळालं, आणि ड३ चा हा उगम त्यांनी त्यानंतर आठेक वर्षांनी सांगितला.

हाच पदार्थ मेंढीच्या लोकरीतल्या मेणकट चरबीपासूनही बनवता येतो. लोकर धुताना ती चरबी निघते, तिच्यापासून कोलेस्टेरॉल, त्यापासून तो पदार्थ, मग अतिनील दिवे. आज औषधांच्या दुकानात मिळणारं बरंचसं ड३ याच वाटेने येतं. ठाण्यात मुख्यालय असलेली फर्मेंटा बायोटेक ही कंपनीही ड३ बनवते. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगर वावरात मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. मामाही बसवायचे. तेव्हा कातरलेल्या लोकरीचं घोंगडं होतं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. हाडांचं औषधही लोकरीतून निघतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. कट्टर शाकाहारी वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांच्यासाठी यीस्टपासूनचं ड२ आणि दगडफुलासारख्या शैवाकांतून (लायकेनमधून) काढलेलं ड३, असे पर्याय आहेत.

अन्नातून हे जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा, पिठलं या आमच्या ताटात ते नसल्यातच जमा. अंड्याच्या बलकात थोडं, यकृतात थोडं, आणि खरं भरपूर ते समुद्रातल्या तेलकट माशांत. घाटाखाली समुद्र कुठला! म्हणून आमचा सगळा भरवसा उन्हावर.

आणि उन्हाच्या बाबतीत एक घोळ आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं, रथसप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, भल्या पहाटे सूर्यनमस्कार घालायचे. हे सगळं चांगलंच आहे, मी त्याच्या आड येत नाही. पण ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील-ब किरण उगवत्या सूर्याच्या उन्हात जवळजवळ नसतात. सूर्य खाली असला की त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर तिरकस पार करावा लागतो आणि नेमके हेच किरण वाटेत गळतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. साधा ठोकताळा असा: तुमची सावली तुमच्यापेक्षा छोटी असेल तेव्हाच कातडी नीट काम करते. म्हणजे दुपारच्या आसपास, जेव्हा वडीलधारी माणसं "उन्हातून आत या रे" म्हणून ओरडत असतात तेव्हा.

हा ठोकताळा मी बुलढाण्याला लावून पाहिला. इथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या आसपास. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २२ डिसेंबरला, त्या वेळी सूर्य क्षितिजापासून ४६ अंश वर असतो. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हा सव्वापाच फुटांच्या जरा पुढे. म्हणजे वर्षात असा एकही दिवस नाही, की जेव्हा बुलढाण्याच्या दुपारी सावली माणसापेक्षा लांब पडते. मेच्या चौथ्या आठवड्यात तर ती पायाखालीच नाहीशी होते. लंडनमध्ये त्याच डिसेंबरच्या भर दुपारी तीच सावली वीस फूट लांब पडते. लंडनला मुडदूस का झाला ते कळतं. आपल्याला का व्हावा, हा प्रश्न उरतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या गोस्वामी, कोचुपिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जो अभ्यास छापला, त्यात उघड्यावर सराव करणाऱ्या सैनिकांचा आकडा डॉक्टर आणि परिचारिकांपेक्षा वर होता. उन्हाचे धडे देणारे स्वतः ट्यूबलाइटखाली बसलेले. २०११ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ११३७ निरोगी तरुण तपासले. सुमारे सत्तर टक्क्यांत कमतरता निघाली. आंध्रातल्या तिरुपती परिसरात सी. व्ही. हरिनारायण यांनी शेतात राबणाऱ्यांचाही अभ्यास केला. ते शहरवाल्यांपेक्षा बरे होते, पण त्यांच्यातही अनेक जण कमीच. एक कारण ताटातलं. धान्यातलं फायटेट कॅल्शियमला धरून ठेवतं, दूध कमी पडतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की गोदामातल्या गठाणी लवकर संपतात. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं, हे दुसरं.

तिसरं कारण मी स्वतः पाहिलेलं. कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, हाताला मोजे असले तर उत्तमच. बोंडांची टोकं कातडी ओरबाडतात, आणि मे-जूनमध्ये तर घाटाखालचं ऊन जाळतं. आमच्याकडच्या उन्हात उघडं राहणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. म्हणजे पूर्ण आयुष्य वावरात काढूनही कातडीवर पडलेलं ऊन म्हणजे डोळ्यांभोवतीची पट्टी आणि पावलं. तरी मामांचे हात आणि खांदे उघडे असायचे. बनियनवर राबलेला माणूस. त्यांच्या वावरात कापूस पिकत होता यात मला शंका नाही. माग थांबला होता.

तो का थांबला? पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. गाळाचा जाड थर, आणि त्याखालचं पाणी खारं. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजारांची संख्या इतकी वाढली, की गावोगावी "किडनी फेल" हा शब्द सर्दी-खोकल्यासारखा बोलला जाऊ लागला. गाव बोट दाखवतं ते पाण्याकडे. संशोधक पाण्यातल्या क्षारांसोबत फ्लोराइड, जड धातू, फवारणीची औषधं, उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणं आणि दुखणं दाबणाऱ्या गोळ्या, हे सगळंच तपासत आले. वाण धरणाचं पाणी आणणारी १४० गावांची योजना या पट्ट्यासाठीच आखली गेली. मामांच्या मते ते पाणी त्यांच्या गावात तीस वर्षं आधी यायला हवं होतं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आता पुडीबद्दल. साठ हजार युनिटची ड३ ची पुडी हल्ली घराघरांत असते. कंबर दुखते, पुडी. थकवा आला, पुडी. केस गळतात, पुडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढाला दिवसाला ६०० युनिट सांगितले आहेत. म्हणजे एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचा रतीब. कमतरता सिद्ध झालेल्याला काही आठवडे ती देणं योग्यच. पण ती वर्षानुवर्षं घेत राहणारे लोक मी पाहिलेत. जास्त झालेलं ड जीवनसत्त्व लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं. रक्तात कॅल्शियम चढतं आणि ते पुन्हा मूत्रपिंडावरच बसतं. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात आणि अन्नात इतकं ड घातलं गेलं, की अनेक बाळांच्या रक्तात कॅल्शियम चढलं आणि सरकारला प्रमाण कमी करावं लागलं. आपल्याकडे सहा लाखांची इंजेक्शनं वारंवार घेऊन रुग्णालयात पोचलेल्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

'जास्त' म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला वेगळ्या रीतीनेही कळलं. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. महाडच्या विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियमही शरीराला लागतंच, अगदी मायक्रोग्रॅममध्ये. त्या दिवसांत त्यांतल्याच बोंडगावच्या पारावर मायक्रोग्रॅमची चर्चा चालू होती, असं मला एका पत्रकार मित्राने सांगितलं. मला ते खरं वाटतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ड जीवनसत्त्वाने कर्करोग टळतो, हृदय सांभाळलं जातं, हाडं मोडत नाहीत, असे अनेक दावे दोन दशकांत झाले. अमेरिकेत २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून थोडा जास्त काळ रोज २००० युनिट किंवा नुसती कोरी गोळी देऊन पाहिलं. ज्यांना कमतरता नव्हती त्यांच्यात कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणं, काहीच कमी झालं नाही. २०२४ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं म्हटलं. आपल्याकडच्या 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती मात्र अजून त्याच आकड्याने सुरू होतात. मुडदूस, अस्थिमृदुता, मूत्रपिंडाचा आजार, गर्भवती स्त्रिया, घराबाहेर न पडू शकणारे म्हातारे, सतत अंग झाकून राहणाऱ्या बाया: यांना गरज आहे आणि यांच्याकडे कुणी जाहिरात घेऊन जात नाही.

मामांची हाडं डायलिसिसच्या किती तरी आधीपासून दुखत होती. दिवसभर वावरात राबून आलं की रात्री पाय ठणकायचे. गावातल्या दुकानातून दुखणं दाबणारी गोळी आणायची, घ्यायची, सकाळी पुन्हा वावर. दहाएक वर्षं असं चाललं. मधल्या काळात कुणी तरी त्यांना साठ हजारांच्या पुड्याही दिल्या. रक्त कुणीच तपासलं नाही.

म्हणून घाटाखालच्या वाचकांना, विशेषतः संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्यांना, एवढंच सांगतो. हाडं दुखतात म्हणून पुडी आणायला निघाल, त्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. तपासणी स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयात होते. मामांचं पहिल्यांदा तपासलं तेव्हा ते सहाच्या पुढे गेलं होतं.